विकास आराखड्याआधी माणसं निवडा

३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेच्या हद्दीत तेवीस गावं आली. वाघोली, मांजरी बुद्रुक, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, किरकटवाडी, पिसोळी ही त्यांतली काही. ग्रामपंचायती संपल्या. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदतही संपली आणि प्रशासक आले. शेतं भराभर बिनशेती होत होती, त्याच काळात इथल्या माणसांच्या वतीनं बोलायला ना सरपंच होता ना नगरसेवक. अशा उपनगरांत जमिनीच्या वापराबद्दल सल्ला देणारा नागरिकांचा गट हवा, हे सगळ्यांना पटतं. मग सभा भरते, हात वर करून पंधरा नावं ठरतात, व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप तयार होतो आणि पाच-सहा महिन्यांत तिथे फक्त सुप्रभात उरतं. याचं मूळ बहुतेक वेळा निवडीत असतं. म्हणून इथे बरंचसं निवडीबद्दलच लिहिलं आहे.

आधी कायदा, कारण गट कधी हवा हे त्यावरून ठरतं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा. बोलताना सगळे एमआरटीपी म्हणतात. कलम २३ खाली महापालिका किंवा नगरपरिषद विकास योजना (म्हणजे विकास आराखडा, पुढच्या वीस वर्षांत कुठल्या जमिनीवर काय होईल याचा नकाशा) तयार करण्याचा इरादा जाहीर करते आणि त्यावर सूचना द्यायला किमान ६० दिवस मिळतात. कलम २५ खाली विद्यमान जमीन वापर नकाशा तयार होतो, म्हणजे आज कुठे काय आहे याची नोंद. कलम २६ खाली प्रारूप आराखडा, म्हणजे त्याचा मसुदा, प्रसिद्ध होतो आणि हरकती मागवल्या जातात. किती दिवसांत, ते त्या सूचनेतच लिहिलेलं असतं. कलम २८ ची नियोजन समिती त्यांची सुनावणी घेते. तीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. शेवटी कलम ३१ खाली शासनाची मंजुरी.

लोक जागे होतात ते कलम २६ ला, घरावरून लाल रेघ गेलेली दिसते तेव्हा. पुण्याच्या जुन्या हद्दीचा प्रारूप आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यावर ८० हजारांहून जास्त हरकती आल्या. मुंबईच्या २०१५ च्या प्रारूप आराखड्यावर ६० हजारांच्या वर आल्या आणि इतक्या चुका निघाल्या की तो मागे घेऊन नव्यानं करावा लागला. यातल्या पुष्कळ चुका विद्यमान वापराच्या होत्या. असलेली इमारत नकाशात नाही, म्हणून तिच्यावरून रस्ता. असलेली शाळा नोंदलेली नाही, म्हणून भूखंड दुसऱ्याच कामाला. अशी चूक कलम २५ च्या वेळी एका अर्जानं आणि दोन फोटोंनी सुधारता येते. प्रारूप आराखडा छापून आल्यावर तीच सुधारायला सुनावणी, समितीची शिफारस, शासनाची मंजुरी एवढं सगळं लागतं.

तेव्हा पहिला नियम असा, की गट कलम २३ ची सूचना यायच्या आधी उभा असावा, निदान ते ६० दिवस संपायच्या आत तरी. निवडीला सहा आठवडे लागतात. प्रारूप आल्यावर निवड सुरू केली तर मुदत निवडीतच संपते.

किती माणसं, कुठली

साठ-सत्तर हजार वस्तीच्या उपनगराला पंधरा सदस्य आणि चार राखीव नावं पुरतात. नऊपेक्षा कमी घेतले तर वाड्या सुटतात, वीसच्या वर गेलं की जबाबदारी कुणाचीच राहत नाही.

पंधरा कुठून घ्यायचे, इथे बहुतेक गट फसतात. सोसायट्यांच्या फेडरेशननं गट केला की बारा सोसायटीवाले आणि शोभेला तीन गाववाले. गावकीनं केला की उलटं. संघटनांकडून प्रतिनिधी मागवले की प्रत्येक संघटना आपला अध्यक्ष पाठवते, आणि अध्यक्षाला आधीच पाच ठिकाणी सभा असतात. प्रतिनिधी मागवूच नयेत. जमिनीचा कुठला तुकडा कुणाला माहीत आहे, त्यावरून माणसं घ्यावीत.

उपनगराची जमीन साधारण पाच-सहा प्रकारची असते. जुनं गावठाण, तिथली घरं चिकटून, रस्ते अरुंद, हद्दी तोंडी. वाड्या-वस्त्या आणि उरलेली शेती. गुंठेवारीचे भाग, जिथे शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे विकले गेले आणि घरं आधी उभी राहिली, रस्ता नंतर आठवला. मोठ्या सोसायट्या. भाड्याच्या खोल्या आणि मजुरांच्या वस्त्या. मुख्य रस्त्यावरची दुकानं, गॅरेजं, गोदामं. गावठाणातून दोन, वाड्यांतून तीन, गुंठेवारीतून दोन, सोसायट्यांतून तीन, भाडेकरूंतून दोन, दुकानदार-फेरीवाल्यांतून एक आणि नगररचना, स्थापत्य किंवा जलविज्ञान शिकलेले दोन, असे पंधरा होतात. हे आकडे प्रत्येक ठिकाणच्या वस्तीप्रमाणे हलवावेत, पण भाडेकरूंच्या दोन जागा हलवू नयेत. उपनगरात भाड्यानं राहणारे पुष्कळ असतात आणि जमिनीच्या चर्चेत त्यांचा आवाज जवळजवळ नसतो, कारण त्यांच्या नावावर जमीनच नसते. पाळणाघर कुठे नाही, बसथांबा किती लांब आहे, रात्री कुठल्या रस्त्यानं चालता येत नाही, हे त्यांना मालकांपेक्षा नेमकं सांगता येतं.

पंधरांत किमान सात बायका असाव्यात, आणि त्या प्रत्येक प्रकारात विखुरलेल्या असाव्यात. सगळ्या सोसायट्यांमधून घेऊन आकडा भरला तर काम अर्धंच झालं. तिशीच्या आतले दोघं तरी हवेत. आराखडा वीस वर्षांचा असतो, तो वापरायचा त्यांनाच आहे.

वाड्यांतले तीन का, असं कुणी विचारेल, तर पाण्यामुळे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर पुण्यात कुणी विसरलेलं नाही. ओढा कुठून वाहतो, कुठे त्याला नळी टाकून वर भराव केला, चार तास पाऊस पडला की पाणी कुणाच्या बांधावरून जातं, हे उपग्रहाच्या छायाचित्रात दिसत नाही. उन्हाळ्यात काढलेल्या छायाचित्रात तर ओढा म्हणजे झुडपांची एक रेघ. चाळीस वर्षं त्या बांधावर शेती केलेल्या माणसाला मात्र तो तोंडपाठ असतो. पाणंद रस्ते, गाडीवाटा, बुजवलेल्या विहिरी, गायरान, वाडीची स्मशानभूमी यांचंही तसंच.

बोलावणं कसं धाडायचं

निवड समिती पाच जणांची करावी आणि त्यांतला कुणीही पुढे सदस्य होणार नाही हे आधीच लिहून घ्यावं. निवृत्त मुख्याध्यापक, अंगणवाडी सेविका, दुसऱ्या तालुक्यात नोकरी केलेला निवृत्त भूकरमापक, नियोजन शिकवणारे कुणी, गावच्या सहकारी संस्थेचा सचिव, अशी माणसं चांगली. एकाच घरचे, एकाच पक्षाचे दोघं नकोत.

अर्जाला २१ दिवस द्यावेत. फक्त सोसायट्यांच्या ग्रुपवर निरोप टाकला तर फक्त सोसायट्यांचे अर्ज येतात, हे दरवेळी घडतं. रेशन दुकान, दूध संकलन केंद्र, अंगणवाडी, चावडी, आठवडे बाजार, पिठाची गिरणी, गॅरेज, मजूर अड्डा इथे कागद लावावा. मजूर वस्तीत हिंदीतही लावावा. सप्ताहाच्या वेळी किंवा ग्रामदैवताच्या जत्रेत दोन मिनिटं बोलायला मिळालं तर शंभर कागदांचं काम होतं. लिहिता येत नसेल त्याचा अर्ज दुसऱ्यानं लिहून घ्यावा, आणि तो तितकाच धरावा.

अर्ज एका पानाचा. शिक्षण आणि पदं विचारू नयेत. विचारली की लोक तेवढंच भरतात. चार प्रश्न पुरतात. तुमच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत असा कुठला ओढा, रस्ता किंवा मोकळी जागा आहे जिच्यात झालेला बदल तुम्ही पाहिला? नेमकं काय बदललं, साधारण कुठल्या साली? महिन्याला दोन सभा आणि एक पायी फेरी, असे दहा-बारा तास तुम्ही तीन वर्षं देऊ शकाल का? तुमच्या किंवा घरच्यांच्या नावे या भागात जमीन आहे का? पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांतच माणूस कळतो. "विकास झाला पाहिजे" किंवा "निसर्ग वाचला पाहिजे" एवढंच लिहिणारे बरेच असतात. "शाळेमागच्या ओढ्यावर दोन नळ्या टाकल्या, आधी मोरी होती, आता दर जुलैला वर्गात पाणी येतं" असं लिहिणारा माणूस हवा आहे.

तिसऱ्या प्रश्नाला घाईत "हो" म्हणणारे पुष्कळ. त्यांना कॅलेंडर समोर ठेवून विचारावं: सुगीत काय कराल, पेरणीला काय कराल, मुलांच्या परीक्षेत काय, रात्रपाळी असते का. अडचण सांगणारा माणूस टिकतो, कारण त्यानं विचार केलेला असतो.

मुलाखत खोलीत न घेता जागेवर घ्यावी. प्रत्येकाला वीस मिनिटं. हातात गावनकाशाची प्रत द्यावी आणि म्हणावं, आपण कुठे उभे आहोत ते दाखवा. उत्तर दिशा सापडली नाही तरी चालतं, ते शिकवता येतं. शोधायचा प्रयत्न करतो का, ते पाहावं. मग एखादी वादाची जागा दाखवावी, समजा गायरानाचा एक एकर, जिथे बाग, आरोग्य केंद्र आणि रस्ता तिन्ही मागण्या आहेत. आपलं मत सांगा, आणि मग त्याच्या विरुद्ध बाजूचं सगळ्यात चांगलं कारणही सांगा. हे दुसरं ज्याला जमतं तो गटात उपयोगी. ज्याला विरुद्ध बाजू म्हणजे फक्त भ्रष्टाचार वाटतो, त्याचं म्हणणं कदाचित खरंही असेल, पण त्याच्याबरोबर पंधरा जणांना तीन वर्षं बसायचं आहे.

जमीन कुणाची, हे उघड असू द्या

ज्याची या भागात जमीन आहे त्याला गटात घेऊ नये, असा आग्रह सोसायट्यांकडून हटकून येतो. तो मान्य करू नये. जुन्या प्रत्येक घराची इथे जमीन आहे. मालकांना वगळलं तर ओढे आणि पाणंदी माहीत असलेली सगळी माणसं वगळली जातात. आणि सोसायटीत फ्लॅट असणाऱ्याचाही स्वार्थ असतोच. समोरच्या शेतावर बाग यावी, इमारत येऊ नये, हा त्याच्या फ्लॅटच्या किमतीचा प्रश्न आहे.

जमीन असणं अडचणीचं नाही, ती झाकलेली असणं अडचणीचं आहे. म्हणून निवडीआधी प्रत्येकाकडून घोषणापत्र घ्यावं. त्यात स्वतःच्या, जोडीदाराच्या, आई-वडिलांच्या, भावंडांच्या आणि मुलांच्या नावे नियोजन क्षेत्रात आणि हद्दीबाहेर अर्ध्या किलोमीटरपर्यंत असलेल्या जमिनींचे गट नंबर किंवा सर्व्हे नंबर. फक्त सातबारा विचारला तर अर्धं सुटतं. इथले बरेच व्यवहार सातबारावर यायच्या आधी विसार पावती, साठेखत, विकसन करारनामा आणि कुलमुखत्यारपत्रावर होतात. ते चारही शब्द घोषणापत्रात छापलेले असावेत. शिवाय धंदा: जमिनीची दलाली, बांधकाम, वास्तुरचना, मोजणीची कामं, वाळू-खडी, काँक्रीटचा पुरवठा, बँकेसाठी मालमत्तेचं मूल्यांकन. दर सहा महिन्यांनी नवं घोषणापत्र, आणि सगळी घोषणापत्रं क्षेत्रीय कार्यालयाबाहेरच्या फलकावर.

सातबारा, आठ-अ आणि फेरफार आता ऑनलाइन निघतात, नोंदलेल्या दस्ताची सूची क्रमांक दोनही (इंडेक्स टू) शोधता येते. निवड समितीनं प्रत्येक नाव एकदा तपासावं. एखादा तुकडा विसरला असेल तर माणूस लगेच मान्य करतो. साठेखत लपवलेलं निघालं तर तो अर्ज तिथेच थांबवावा, कितीही मोठा माणूस असो.

दोन गोष्टींना मात्र थेट नकार द्यावा. चालू धंदा जमिनीच्या खरेदी-विक्रीचा असेल तर तो सदस्य नको. आणि येती निवडणूक लढवणारा नको. सदस्य झाल्यावर उमेदवारी भरली तर त्याच दिवशी जागा रिकामी.

सदस्याच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या जमिनीपासून २०० मीटरच्या आतला विषय आला की त्यानं आधी आपली माहिती सांगायची, प्रश्नांना उत्तरं द्यायची आणि मग चर्चेच्या वेळी बाहेर जायचं. तो काय बोलला आणि कधी बाहेर गेला हे इतिवृत्तात यायला हवं. माहितीही मिळते आणि निर्णयही त्याच्या डोळ्यांसमोर होत नाही.

आणखी एक नियम, जो बहुतेक गट करत नाहीत आणि पुढे पस्तावतात. प्रसिद्ध न झालेला नकाशा गटानं पाहायचा नाही. कुणी ओळखीनं प्रारूपाचा फोटो पाठवेल, चांगल्या हेतूनंच पाठवेल. प्रस्तावित रस्त्याची रेघ कुठून जाते हे आठवडाभर आधी कळणं म्हणजे जमिनीच्या बाजारात मोठा पैसा. गटाला ते माहीत होतं अशी नुसती कुजबुज झाली तरी गावात त्या गटाला कुणी दारात उभं करत नाही. फोटो आला तर तो उघडून न बघता काढून टाकायचा आणि आल्याची नोंद इतिवृत्तात करायची.

सोडत

छाननीनंतर प्रत्येक प्रकारात जागांच्या किमान तिप्पट नावं राहतील असं पाहावं, आणि मग सोडत काढावी. निवड समितीनं शेवटची नावं स्वतः ठरवली तर "आपली माणसं घेतली" हे ऐकावंच लागतं, आणि ते खोटं ठरवायला काहीच हातात नसतं. चिठ्ठ्या टाकून काढलेली सोडत लोकांना परिचयाची आहे; प्रभागांचं आरक्षण तसंच ठरतं, म्हाडाची घरंही सोडतीनंच मिळतात. जागा उघडी, वेळ रविवारची, शाळेतल्या मुलाच्या हातानं चिठ्ठी. प्रत्येक प्रकारातली नावं आधी मोठ्यानं वाचायची, चिठ्ठ्या लोकांसमोर घडी करायच्या, पारदर्शक बरणीत टाकायच्या. बायकांचा आकडा पूर्ण होण्यासाठी त्या चिठ्ठ्या वेगळ्या बरणीत ठेवून आधी काढाव्यात. तांत्रिक दोन जागांसाठी मात्र सोडत नको, तिथे मुलाखतीवरच निवड करावी आणि का निवडलं ते तीन ओळींत लिहून लावावं.

निवड झाल्याच्या आठवड्यात सदस्यांची यादी, कार्यकाळ आणि काम सांगणारं पत्र क्षेत्रीय कार्यालयात आणि बांधकाम विकास विभागात देऊन आवक क्रमांक घ्यावा. गटाला कायद्यानं कुठलाही अधिकार नाही, ते पत्रात स्पष्ट लिहावं. अधिकार असल्याचा आव आणला की अधिकारी पहिल्याच भेटीत हात झटकतात, आणि त्यांना तो हक्क असतो.

शिकायचं काय

पहिल्या दोन महिन्यांत चार बैठका शिकण्याच्या. पहिल्या बैठकीत नकाशा: गावनकाशा, फाळणीबारा (पोटहिश्श्यांचा नकाशा), मोजणीची क प्रत (मोजणीनंतर मिळणारा हद्दींचा नकाशा) आणि विकास आराखड्याचा तक्ता, म्हणजे त्या भागाचा नकाशा, शेजारी ठेवून एकच गट नंबर चारही ठिकाणी शोधायचा. आराखड्यात सहसा पिवळा रहिवास, निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक, फिका हिरवा शेती असतो, पण प्रत्येक वेळी कोपऱ्यातली सूची वाचायचीच. दुसरी बैठक कायद्याची, वर सांगितलेली कलमं. तिसरी ओढ्याकाठची पायी फेरी. निळी पूररेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हे नदीकाठी उभं राहून समजलं की विसरत नाही.

चौथी बैठक आकड्यांची. केंद्राच्या २०१४ च्या नगर नियोजन मार्गदर्शक सूचनांमध्ये माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा धरली आहे, आणि पाच हजार लोकवस्तीला एक प्राथमिक शाळा. वीस वर्षांनी वस्ती १ लाख २० हजार होईल असं धरा. माणशी १० चौरस मीटर म्हणजे १२ लाख चौरस मीटर, १२० हेक्टर, जवळजवळ ३०० एकर. शाळा चोवीस. हा हिशोब फळ्यावर झाला की सभेत शांतता पसरते. मग "इथे शाळा-बागेचं आरक्षण नको" म्हणणाऱ्याला "तर कुठे" हा प्रश्न गटातलाच कुणीतरी विचारतो, आणि इथून पुढे ते काम गटाचं होतं.

सोसायट्यांच्या आतल्या मोकळ्या जागा या हिशोबात धरू नयेत. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते खरी, पण ती फाटकाच्या आत असते. खोलीत राहणाऱ्याच्या मुलाला तिथे खेळता येत नाही.

कुठे बिनसतं

सगळ्यात आधी गट तक्रार केंद्र होतो. टँकर, खड्डे, कचरा. या गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांनी प्रत्येक सभा खाल्ली की नकाशाला वेळच राहत नाही. सभेची पहिली दहा मिनिटं त्यांना द्यावीत, एका सदस्यानं त्या लिहून योग्य खात्याकडे पाठवाव्यात आणि घड्याळ पाहून विषय बंद करावा.

वेळेनंही गट मोडतो. शनिवारी सकाळी अकराला सभा ठेवली की निवृत्त माणसंच उरतात. एक सभा आठवड्यातल्या दिवशी संध्याकाळी साडेसात ते नऊ आणि दुसरी रविवारी सकाळी, अशी आलटून-पालटून ठेवावी. लहान मुलं घेऊन येणाऱ्यांसाठी शेजारची खोली उघडी असावी. आषाढीला, पेरणीला, सुगीला एक सभा कमी. रोजंदारीवरच्या सदस्याला सुनावणीसाठी कामाचा दिवस बुडवावा लागतो. त्याची त्या दिवसाची मजुरी आणि प्रवासखर्च वर्गणीतून द्यावा, आणि तो देताना उपकाराचा सूर नसावा. बाकी कुणाला मानधन नको. हे केलं नाही तर वर्षभरात भाडेकरूंच्या दोन्ही जागा रिकाम्या होतात.

तांत्रिक सदस्य कळत-नकळत गट ताब्यात घेतात. त्यांच्या हातात शब्द असतात. यावर साधा उपाय: निमंत्रक दर सहा महिन्यांनी बदलायचा आणि तांत्रिक सदस्याला निमंत्रक करायचं नाही. एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं) किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) म्हटलं की त्याच वाक्यात मराठीत अर्थ सांगायचा. गणसंख्या, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, आठ, पण त्या आठांत गावठाण किंवा वाडीतला एक आणि भाडेकरू एक असल्याशिवाय सभा पूर्ण धरायची नाही. सलग तीन सभा चुकल्या की राखीव यादीतलं पुढचं नाव आत. एकमत झालं नाही तर भिन्नमत त्याच पत्रात, त्याच आकाराच्या अक्षरांत.

हरकती लिहितानाची चूक तर सगळीकडे दिसते. एकच मजकूर छापून हजार सह्या. ऐकणारे त्या हजार अर्जांना एकच मुद्दा म्हणून धरतात, आणि त्यांच्या जागी कुणीही तेच करेल. त्यापेक्षा वीस अर्ज वेगवेगळे: प्रत्येकात गट नंबर, आराखड्यातला तक्ता क्रमांक, आज तिथे काय आहे याचा तारखेसह फोटो, काय बदल हवा ते एका वाक्यात, आणि ते आरक्षण इथून काढलं तर पर्यायी जागा कुठली. ही शेवटची ओळ ज्या अर्जात असते तो समितीपुढे वेगळा दिसतो. सुनावणीत बोलायला काही मिनिटंच मिळतात. त्यासाठी कागद आधी तयार, बोलणारा एकच.

आणि नोटिसांवरची नजर. मंजूर आराखड्यात कलम ३७ खाली फेरबदल करता येतो, त्याची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत येते आणि हरकतीला एक महिना मिळतो. जाहिरात लहान असते, मधल्या कुठल्यातरी पानावर. गटातल्या दोघांनी आठवडे वाटून घेऊन राजपत्र आणि स्थानिक दैनिकांतल्या जाहीर सूचना वाचाव्यात. कंटाळवाणं काम आहे, पण गटाचा जीव यातच आहे. कार्यालयाकडून तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, शुल्क १० रुपये, पुन्हा तीस दिवस. भांडणाचा सूर न लावता, फक्त "आमच्या अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावर काय कार्यवाही झाली" एवढंच विचारायचं.

आराखडा मंजूर झाला की गट विसर्जित करतात, तिथेच मोठं नुकसान होतं. आरक्षित जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही तर मालक कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. मैदान गेलं हे लोकांना पाया खोदायला यंत्र आलं की कळतं. मालकाचीही यात चूक नसते. त्याची जमीन दहा वर्षं अडकलेली असते. म्हणून गटानं एक वही ठेवावी: आरक्षण क्रमांक, गट नंबर, क्षेत्र, आराखडा अमलात आल्याची तारीख, दहा वर्षं पूर्ण होण्याची तारीख, नोटीस आली का, संपादनाचा प्रस्ताव कुठे अडला. दहा वर्षं भरायच्या दोन वर्षं आधीपासून दर तिमाहीला विचारणा. शाळा आणि मैदानांची आरक्षणं आधी, कारण ती गेली की शेजारी दुसरी जागा उरलेली नसते.

कार्यकाळ तीन वर्षांचा, पण सगळे एकदम बदलू नयेत. पहिल्या सोडतीतच पाच जणांना दोन वर्षं, पाच जणांना तीन आणि पाच जणांना चार वर्षं असं चिठ्ठीनं ठरवून टाकावं. पुढे प्रत्येकाला तीन. जाणाऱ्या सदस्यानं आपली कागदपत्रं, फोटोंची तारीखवार प्रत आणि आरक्षणांची वही नव्याच्या हातात द्यावी, आणि जुलैत, ओढा भरून वाहत असताना, त्याला एकदा उगमाकडून नदीपर्यंत चालवत न्यावं.